ठकीची वाटी आधी काढायची

रविवार, १० मार्च

आजचा भात पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा! सून शेजारी उभी होती, पण हात पाठीमागे बांधून. मी दोनदा झाकण उघडायला गेलो, दोन्ही वेळा नुसतं "अं हं" म्हणाली. पंधरा मिनिटांनी उघडलं तर शीत न् शीत मोकळं. बत्तीस वर्षं गिरणीच्या काट्यावर ट्रक तोलले, पण आपल्याच कामाकडे असं वाकून बघत राहावंसं कधी वाटलं नव्हतं. चष्म्यावर वाफ आली तरी बघत होतो.

माझी बायको, म्हणजे ही, होती तोवर मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचो, तेवढीच आमची ओळख. ही गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मुलाकडे राहतो आणि सुनेच्या हातचं आयतं जेवतो. आणि आता सत्तरीत ही शिकवणी. महिन्यापूर्वी तिनंच विषय काढला – "बाबा, तुम्हाला जमेल. तुमचा हात मोजून चालतो." मी आधी नाक मुरडलं. आता पाच वाजल्यापासून घड्याळाकडे बघत बसतो.

साडेपाचला ती इस्पितळातून येते. दिवसभर तिथल्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या, चिठ्ठ्या, यंत्रं. आल्यावर कोपरापर्यंत हात धुते, पाच मिनिटं खिडकीशी बसते, कुणाशी बोलत नाही. सहाला ओट्याशी हजर. पहिला नियम – सगळं चिरून झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. "गॅस पेटला की माणूस घाबरतो, बाबा. घाबरायच्या आधीची कामं आधी उरकायची." हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. काट्यावर नवीन आलेल्या किती जणांना मी तयार केलं, पण इतकं सोपं करून सांगणं मला कधी साधलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

चार माणसं, चार तऱ्हा. मुलाला भोपळा दिसला की तो पानावरून उठतो – लिफ्टच्या खोल खड्ड्यात उतरून दुरुस्ती करणारा माणूस, भोपळ्याला भितो! नातीला, म्हणजे आमच्या ठकीला, तिखट चालत नाही. वय सात, नखरे पन्नाशीचे. मला तेल सोसत नाही, छातीत जळजळतं. आणि सुनेला स्वतःला डोळ्यांत पाणी येईल असं झणझणीत हवं.

चार स्वयंपाक करायला वेळ कुणाला आहे? ती एकाच पातेल्यात सगळ्यांना खूश करते. बटाटा, गाजर, वाटाणे नुसते शिजले की पहिली वाटी ठकीची. तिला चिमूटभर मीठ वरून. मग पातेल्यात मीठ आणि आलं, की माझी वाटी. मग तेलात परतलेला कांदा-टोमॅटो, की मुलाची. उरलेल्यात लाल तिखट – ती तिची. एक भांडं, एक गॅस, चार पानं. मी आज पहिल्यांदा नीट बघितलं आणि थक्क झालो. चार वर्षं हे माझ्या नाकासमोर चाललं होतं आणि मी पेपर वाचत होतो.

तिची वाटी शेवटची, त्यामुळे बहुतेक वेळा तळच उरतो. तो पावानं पुसून खाते आणि म्हणते, "खरी चव तळालाच असते, बाबा." खरं सांगते की माझी समजूत घालते, कळत नाही.

गुरुवार, १४ मार्च

कांदा जळला. ठकी बाहेरून ओरडली, "आजोबा, काय पेटवलंत?"

शनिवार, १६ मार्च

आज कानानं स्वयंपाक. मी पातेल्यात डोकावत होतो तर सून म्हणाली, "डोळे मिटा." मिटले. "काय ऐकू येतंय?" रटरट. "आता?" थोड्या वेळानं आवाज बारीक झाला, मग चरचर. "आता पाणी आटलं. आता हलवलं नाही तर लागेल." मी डोळे न उघडताच हलवलं. काट्यावर असताना ट्रक चढला की लोखंडाच्या कुरकुरीवरून माल जास्त आहे की कमी ते मला आधी कळायचं, मग आकडा दिसायचा. हे तिला सांगितलं. ती खूश झाली. "मग तुम्हाला हे यायलाच हवं," म्हणाली.

एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. ती शिकवताना कधीही हातातलं काढून घेत नाही. ही घ्यायची. "सोडा, तुम्हाला नाही जमायचं." हिचा स्वभाव तसा आणि मलाही ते सोयीचं होतं. सून मात्र माझ्या हातून चुकू देते. परवाचा कांदा जळताना तिला वास आलाच असणार. गप्प राहिली. जळलेला कांदा टाकला, नवीन माझ्यापुढे ठेवला आणि "पुन्हा" म्हणाली. एवढंच. माणसं अशी शिकवतात, हे मला वयाच्या सत्तराव्या वर्षी बघायला मिळालं.

रविवार, १७ मार्च

सकाळी बागेच्या बाकावर क्रेनवाला भेटला. गिरणीत तो क्रेन चालवायचा, मी काट्यावर. त्याला मोठ्या उत्साहानं माझ्या भाताचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सांभाळ रे बाबा. मला आधी वॉशिंग मशीन शिकवलं. मग कुकर. मग बँकेचं मोबाइलवरचं. मी आपला हौसेनं शिकलो. सगळं शिकून झालं आणि पोरं परदेशी गेली. 'बाबा आता एकटे मस्त राहतील' म्हणाली."

मी हसण्यावारी नेलं. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं.

सोमवार, १८ मार्च

मुलानं नाश्त्याला विचारलं, "बाबा, समजा कुणीच मदतीला नसलं, तर आठवडाभराचा सगळा स्वयंपाक तुम्हाला जमेल?"

"का रे?"

"सहज."

आमचे चिरंजीव आयुष्यात काही सहज विचारत नाहीत. शाळेत असताना "बाबा, काच किती मजबूत असते?" असं सहज विचारलं होतं, तेव्हा शेजाऱ्यांची खिडकी फुटलेली होती.

दुपारी त्यांच्या खोलीत वर्तमानपत्र ठेवायला गेलो. दारामागे नवी बॅग. केवढी मोठी! ठकी आत मावते – तिनं बसून दाखवलं. "आजोबा, झाकण लावा ना." मी नाही लावलं.

बुधवार, २० मार्च

दोन दिवस हाच विचार. लिफ्ट सगळीकडे असतात, इस्पितळंही सगळीकडे असतात. त्यांना कुठेही काम मिळेल. तिघं जातील आणि मी इथे चार वाट्यांऐवजी एकच भरत बसेन. म्हणून ती शिकवणी. म्हणून "तुम्हाला यायलाच हवं".

सरळ विचारावं, असं दहा वेळा मनात आलं. पण विचारलं आणि "हो" म्हणाले तर? न विचारता निदान अजून ठरलेलं नाही असं धरून चालता येतं.

आणि राग तरी कुणावर काढू? मुलांनी आपापल्या वाटेनं जायचंच असतं. मीही माझ्या बापाला सोडून गिरणीत आलो होतो. तेव्हा त्यांनी काय खाल्लं, कोण जाणे.

पण एक खरं – मला एकट्याला जमत नाही असं दिसलं, तर ही माणसं मला टाकून जाणार नाहीत. तेवढी मला खात्री आहे.

गुरुवार, २१ मार्च

भात लावला. मुद्दाम. पाणी आटल्याचा आवाज आला, ऐकला, आणि तसाच उभा राहिलो. त्याआधी वरचा चांगला भात ठकीच्या वाटीत काढून घेतला होता. पोरीनं काय केलंय?

जेवताना मुलानं करपलेलं बाजूला सारलं. सून म्हणाली, "होतं असं कधी कधी." आणि खाल्लं की सगळं.

शनिवार, २३ मार्च

मसुराच्या डाळीत मीठ. घालताना चमचा मोजून दुप्पट घातलं – बिघडवतानाही मोजल्याशिवाय हात चालत नाही! ठकीची वाटी आधीच निघालेली होती. मुलगा तीन पेले पाणी प्यायला. मीही माझी वाटी संपवली, सगळ्यांबरोबर शिक्षा मलाही.

सून इस्पितळातून दमून आली होती. आज तिच्याकडे दोन माणसं कमी होती म्हणे. खिडकीशी पाचऐवजी पंधरा मिनिटं बसली. आणि वर हे पान. तरी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, शिजली मात्र छान आहे हो. एकही दाणा आख्खा नाही." चव बिघडलेल्या डाळीतून तिनं माझ्यासाठी चांगलं तेवढं वेचून काढलं. मला पानावर मान वर करवेना.

सोमवार, २५ मार्च

मासा कच्चा काढला. ठकीचा तुकडा तेवढा शिजवून.

बुधवार, २७ मार्च

गाजरं विरघळेपर्यंत उकळली. ठकीची आधी काढून. ती म्हणते, "बाबांच्या ताटात लगदा आणि माझ्या ताटात गाजर, असं का?" पोरगी फार बघते.

चांगला पदार्थ बिघडवणं किती अवघड असतं, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. हात आपोआप वेळेवर गॅसकडे जातो. त्याला ओढून मागे घ्यावं लागतं. महिनाभर तिनं जे कष्टानं बसवलं, ते मी रोज बसून उसवतोय.

शुक्रवार, २९ मार्च

काल पुन्हा डाळीत मीठ. आज सून आली, हात धुतले, खिडकीशी बसली. आणि सहाला म्हणाली, "बाबा, आजपासून मी करते. तुम्ही आराम करा. उगाच तुमच्या मागे लागले मी."

रागानं नाही. अगदी मऊ आवाजात. नंतर मुलानं स्टूल घेतलं आणि ती नवी बॅग माळ्यावर टाकली.

जिंकलो! कुणी कुठे जात नाही.

रविवार, ३१ मार्च

जिंकलो खरा. पण दोन दिवस बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसतो आणि एक ओळ वाचून होत नाही. आतून पातेल्याचा आवाज येतो. आज आवाज बारीक झाला, मग चरचर सुरू झाली. ती ठकीच्या वेण्या घालायला आत गेली होती. मी उठलो, गेलो, हलवलं, आणि चोरासारखा परत येऊन बसलो.

ती पहिल्यासारखीच बोलते, हसते. पण खिडकीशी आता अर्धा तास बसते.

मंगळवार, २ एप्रिल

हे लिहायला हात चालत नाही. तरी लिहितो.

आज मुलाला सुट्टी. ओट्याखालचा नळ गळत होता म्हणून तो आडवा झाला होता, डोकं कपाटात, पाय बाहेर. मी पाने-पक्कड द्यायला उभा. सहज विचारलं, बॅग माळ्यावर का टाकलीस. कपाटातून आवाज आला –

"आता काय करायची ती? तिचं जाणं रद्द झालं ना."

"तिचं? कुठे?"

मग एकेक बाहेर आलं. रक्त जुळवण्याच्या कामाचं काही मोठं प्रशिक्षण असतं. आठ महिने, दुसऱ्या शहरात, तिथेच राहून. सगळीकडून मिळून बारा जणांना घेतात. तिनं दोनदा अर्ज केला होता, तिसऱ्या खेपेला निवड झाली. परत आली की प्रयोगशाळा तिच्या हातात येणार होती. लिफ्ट बंद पडली की मुलाला कुठल्याही वेळी जावं लागतं, त्याच्या भरवशावर घर चालणार नाही. तेव्हा सगळी भिस्त माझ्यावर होती. "तुमच्यावर दडपण नको म्हणून तिनं मला बोलू दिलं नाही. म्हणाली, बाबांना आवडीनं जमलं तरच. आणि जमतही होतं की छान, बाबा. मग काय झालं कोण जाणे. ठकीला आठ महिने असं खायला लागलं तर, असं म्हणून तिनं शुक्रवारी 'नको' असं कळवून टाकलं."

"आणि तुम्ही? तुम्ही तिघं जाणार नव्हता?"

कपाटातून डोकं बाहेर आलं. कपाळाला काळं लागलेलं. "आम्ही कुठे जाणार? माझ्या लिफ्ट काय पाठीवर बांधून नेऊ?"

मी पाना त्याच्या हातात दिला आणि माझ्या खोलीत आलो. तीनदा अर्ज केला होता पोरीनं. आणि मी चमचे मोजून मीठ घालत होतो.

बुधवार, ३ एप्रिल

तीन वेळा तिच्याशी बोलायला स्वयंपाकघरात गेलो. तीन वेळा पाणी पिऊन आलो.

गुरुवार, ४ एप्रिल

आज सांगितलं. ती वांगी चिरत होती. मी म्हणालो, "भात, डाळ, मासा, गाजर, पुन्हा डाळ. पाचही वेळा मी मुद्दाम बिघडवलं."

सुरी थांबली नाही. "माहीत आहे, बाबा."

मी स्टुलावर बसलो.

"भात लागला तेव्हा वाटलं, होतं. डाळीतही वाटलं, होतं. पण ठकीची वाटी एकदाही बिघडली नाही. पाचपैकी एकदाही नाही. चुकणारा हात माणूस बघून चुकत नाही, बाबा." दिवसभर रक्ताच्या नळ्यांमधून चूक शोधणारी बाई ती. तिच्यापासून मी काय लपवणार होतो!

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, ह्यांनी तुम्हाला सांगितलं असणार. आणि तुम्हाला मी जायला नको आहे. ह्यांना मी ठकीच्या खाण्याचं निमित्त सांगितलं."

"अगं मग विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही 'जा' म्हणाला असता. लगेच. मग मला खरं कधी कळलं असतं?" आता तिनं सुरी ठेवली. "तोंडानं तुम्ही कधीच नाही म्हणणार नाही. हातानं म्हणत होता. म्हणून मी हाताचं ऐकलं."

मग मी सांगितलं. क्रेनवाला, वॉशिंग मशीन, बॅग, सगळं. तुझ्या जाण्याचं मला ठाऊकच नव्हतं, मला वाटलं तुम्ही तिघं मला इथे ठेवून चालला आहात. तुला अडवायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी शपथेवर सांगितलं.

ती आधी हसली. खूप. मग हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि लावूनच ठेवला. "तुम्हाला ठेवून? बाबा, तुम्हाला ठेवून कसे जाऊ आम्ही?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मीही रडलो. ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. वांग्याच्या फोडी तशाच पडून काळ्या पडल्या.

शुक्रवार, ५ एप्रिल

तिनं तिकडे फोन केला. कारकुनानं सांगितलं, जागा यादीतल्या पुढच्या बाईंना दिली. त्या आल्या नाहीत तर कळवू. वीस तारखेपर्यंत वाट बघा.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी म्हणालो, "मी बोलतो त्यांच्याशी."

"काय सांगाल?"

"सासऱ्यानं मीठ जास्त घातलं म्हणून सांगेन."

हसली. तिचा असा राग न धरणं मला आता सोसत नाही. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तसं म्हणालोही. तर म्हणते, "सुनावते की. उद्यापासून सकाळचा डबाही तुमच्याकडे."

रविवार, ७ एप्रिल

बॅग माळ्यावरून खाली आली. जागा मिळो न मिळो, तयारी पूर्ण ठेवायची, असं घरात ठरलं. स्वयंपाक सगळा माझा. बाजार मुलाचा. ठकीच्या वेण्याही मुलाच्या – सकाळी पहिली घातली. एक वेणी पुढे, एक मागे. ठकी आरशात बराच वेळ बघून म्हणाली, "असू दे. मी टोपी घालीन."

तिला आईनं समोर बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. तिनं दोनच प्रश्न विचारले. रोज फोन करणार का? आणि आजोबा ते दुसऱ्यांचं बिघडवायचं बंद करणार का?

बुधवार, १० एप्रिल

तिसरा दिवस सलग चांगला. डबा वेळेवर. सून ओट्याकडे फिरकली नाही, खिडकीशी पुस्तक घेऊन बसली – प्रशिक्षणाचंच. मध्ये एकदा आवाज बारीक झाला तेव्हा तिचं डोकं वर झालेलं मला दिसलं. मी हलवलं. डोकं परत पुस्तकात.

जेवताना तिच्यासाठी तळ उरवला नाही. तिची वाटी भरून, तिखट घालून, बाजूला झाकून ठेवली होती. तिनं झाकण उचललं, थोडा वेळ बघितलं. म्हणाली, "तळ कुठे गेला माझा?" मी म्हणालो, तो आज मला हवा. पावानं पुसून खाल्ला. चव बरी असते तळाला, पण खरी वगैरे काही नाही. समजूतच घालत होती इतकी वर्षं.

रविवार, १४ एप्रिल

भोपळ्याचं सूप. आलं, मिरपूड, थोडं दूध, आणि नाव सांगितलं "गाजराचं". मुलगा दोन वाट्या प्यायला. "गाजर गोड निघालं," म्हणाला. मी आणि सुनेनं एकमेकांकडे बघायचं टाळलं. ठकीला मी आधीच फितवून ठेवलं होतं, तरी ती टेबलाखाली जाऊन हसून आली.

मी वर बघितलं तर सून आम्हा तिघांकडे बघत होती. पोट भरल्यावर माणूस बघतो तशी. तिच्याशिवाय चालेल असं घर तिनं स्वतःच्या हातानं तयार केलं. आणि ते चालताना बघून तिला आनंद झाला, वाईट नाही वाटलं. एवढं मोठं मन मला तरी नाही. सगळ्यांना पुरून वर स्वतःचीही वाटी ती आता मागू लागली आहे, हे मला जास्त आवडलं.

फोन अजून नाही. ती त्याबद्दल बोलत नाही. मी रोज मनातल्या मनात त्या अनोळखी बाईंना म्हणतो, तुम्हाला दुसरीकडे याहून चांगलं काही मिळो.

मंगळवार, १६ एप्रिल

फोन नाही. मुलाच्या वेण्या आता एका रेषेत.

गुरुवार, १८ एप्रिल

फोन आला. जागा मिळाली. सोमवारी निघायचं. ती फोन हातात घेऊन ओट्याशी उभी राहिली, नुसती हसत. मीही हसलो, पाठ थोपटली. मग ती ठकीला सांगायला खाली धावली आणि मी पातेल्याकडे वळलो.

तेव्हा लख्ख कळलं. तिनं हाताचं ऐकलं तेच बरोबर होतं. "तुम्ही तिघं" असं मी शपथेवर सांगितलं, पण त्या दिवसांत मनात चित्र यायचं तेव्हा मला दाराबाहेर पडताना दिसायची ती एकटी तीच. मुलगा कधी दिसलाच नाही. मला ती जायला नको होती. आजही नको आहे.

ठकीची वाटी काढली. उरलेल्यात मीठ घातलं, एक चमचा, सपाट. चाखलं. बरोबर होतं.